समासातली फुली

१

चहा कपात पडायच्या आधीच सर्व्हेअरच्या बायकोनं ते पुस्तक टेबलावर आपटलं.

"हे तिसरं," ती म्हणाली. "आता मात्र बास झालं."

रविवारी दातांचा दवाखाना बंद असतो, आणि त्याच्या वेटिंग रूममध्ये, अक्कलदाढेच्या भल्यामोठ्या चित्राखाली, हे वाचनमंडळ भरतं. मंडळ म्हणजे माणसं पाचच. वाचायच्या फक्त रहस्यकथा. पुस्तकाची प्रत एकच घ्यायची आणि ती ठरलेल्या क्रमानं हातोहात फिरवायची, असा दंडक मंडळ काढणाऱ्या बाईंनी घातला होता. पुस्तकाला सगळ्यांचे हात लागले की ते सगळ्यांचं होतं, असं त्यांचं म्हणणं. बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या नुसत्या खाकरल्या तरी मिशीवाले बाप्ये हात मागं लपवत. पुस्तक आधी त्या वाचत, मग दवाखान्याच्या मालकीण डॉक्टरीणबाई, मग कोपऱ्यावरचे औषधवाले, मग पार्लर चालवणारी सर्व्हेअरची बायको आणि सगळ्यांत शेवटी स्वतः सर्व्हेअर. मंडळाचा दुसरा दंडक त्याहून कडक होता. ज्याचं वाचून व्हायचंय त्याला शेवट सांगायचा नाही. सांगेल तो मंडळातून बाहेर.

तो दंडक कुणीतरी मोडला होता, आणि तोही चोरून. टेबलावरच्या पुस्तकात लिफ्टमध्ये एक खून होतो. तिसऱ्या प्रकरणात सोसायटीच्या सेक्रेटरीचा मेव्हणा पहिल्यांदा आत येतो, तो सुजलेला गाल धरूनच. त्याच संध्याकाळी दाताचा डॉक्टर एका बैठकीत त्याच्या तीन दाढा उपटतो आणि हा पठ्ठ्या रात्री पार्टीत नाचायला हजर. त्या मेव्हण्याच्या पहिल्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीची एक बारीक फुली होती. आणि खुनी तोच होता.

याआधीच्या सर्कशीच्या पुस्तकात अशीच फुली चेंडू झेलणाऱ्याच्या शेजारी निघाली होती. ते पुस्तक बाईंच्या कपाटातलं, जुनं. कुणीतरी कधीतरी केली असेल म्हणून सोडून दिलं. नंतरच्या पुस्तकात ती आचाऱ्याच्या शेजारी निघाली तेव्हा योगायोग म्हणून सोडून दिलं. पण लिफ्टचं पुस्तक कोरं करकरीत होतं. सर्व्हेअरच्या बायकोनंच ते दुकानातून आणून प्लास्टिकसकट बाईंच्या हातात दिलं होतं.

"तिसऱ्या प्रकरणातच मला खुनी कळला," ती म्हणाली. "मग पुढं वाचायचं काय, डोंबल?"

बाईंनी चष्मा चढवला आणि वर्गात विचारावं तसं एकेकाला विचारलं. आपण पहिल्या, आपल्याला फुलीबिली दिसली नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं की त्यांच्या वेळी पान कोरं होतं. औषधवाले म्हणाले, "माझ्याकडं आलं तेव्हा फुली होतीच."

हिशेब शाळकरी पोरालाही जमला असता. दुसऱ्या वाचकाच्या वेळी फुली नव्हती, चौथीला ती दिसली. मधे राहिले औषधवाले. शिवाय त्यांच्या कानामागं आयुष्यभर पेन्सिल खोचलेली, आणि दुकानात रिकाम्या झालेल्या खोक्यांवर ते फुल्याच मारत बसत.

औषधवाल्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं लांब. आठवडाभर दुसऱ्यांचे खोकले आणि तापच त्यांच्या वाट्याला यायचे. बोलायचं माणूस म्हणून मिळायचं ते या रविवारी. त्यासाठी ते शर्टाला स्वतः इस्त्री करत. हे सगळ्यांना माहीत होतं, बाईंनाही.

तरी बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी खुलासा करा. नाहीतर त्यापुढं येऊ नका."

औषधवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं, बाईंकडं पाहिलं आणि ते मिटून घेतलं.

सर्व्हेअरला तिथंच काहीतरी खटकलं. पकडला गेलेला माणूस कसा पाहतो ते त्याला पाठ होतं. हे पाहणं तसलं नव्हतं.

२

सर्व्हेअर विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासत असे. उभ्या गाडीला झाडानं येऊन धडक दिली, असं शपथेवर सांगणारी माणसं त्यानं पाहिली होती. त्यामुळं माणसांवर त्याचा विश्वास बेताचाच, पण पत्र्यावर होता. धडक कुठून बसली ते पत्रा सांगतो. निघताना बाईंनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "खोटं पकडणं हे तुमचं कामच आहे. हे प्रकरण मी तुमच्यावर सोपवते."

घरी आल्यावर त्यानं पुस्तक खिडकीजवळ नेलं आणि भिंग लावलं. बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"फुली मलाही दिसली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, तूच केलीस. माझी गंमत करायला."

घडी हातातच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यानं आपल्याला संशयितांच्या रांगेत उभं केलंय हे तिला पचायला जरा वेळ लागला. मग तिनं त्याची चांगलीच हजेरी घेतली. शेवट सांगायचाच असता तर जेवताना तोंडावर सांगितला असता, तिला पेन्सिल कशाला लागते, असा तिचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. जाता जाता तिनं हेही सुनावलं की पुस्तक सगळ्यांत शेवटी ज्याच्या उशाशी असतं त्यानं दुसऱ्यावर बोट दाखवू नये. मेव्हण्याच्या नावानं फुल्या मारायची हौस त्यालाच जास्त, असंही ती म्हणाली. तिचा भाऊ गेल्या महिन्यात गाडी मागायला आला होता, त्याला धरून हे होतं.

सर्व्हेअर निमूटपणे भिंगाकडं वळला आणि तेव्हाच त्याला ती दिसली. दोन पानं अलीकडं, रखवालदाराच्या ओळीशेजारी, आणखी एक फुली होती. ती खोडून टाकलेली होती. पेन्सिल गेली होती, पण दाबाची खूण कागदावर राहिली होती.

म्हणजे फुली करणाऱ्यानं आधी चुकीच्या माणसावर केली होती. पुस्तक संपवलेल्या माणसाकडून अशी चूक होईलच कशी? आणि न संपवलेल्याला खुनी कळेलच कसा?

शिवाय फुली इतकी बारीक होती की डोळ्यांत तेल घालून पाहावं तेव्हा दिसावी. दुसऱ्याची मजा घालवायची तर माणूस ठसठशीत खूण करतो. ही खूण कुणाला दिसावी म्हणून केलेलीच नव्हती.

आठवड्याच्या मधेच एके दिवशी बाईंचा फोन आला. त्यांनी प्रस्तावना करून, पहिल्यापासून सगळं समजावून, हे फुल्यांचं प्रकरण त्याच्यावर सोपवलं. तो हो हो म्हणत राहिला. बाईंना निकाल लवकर हवा दिसतोय, असं मनाशी म्हणून त्यानं फोन ठेवला.

३

डॉक्टरीणबाईंना गाठायचं तर दात दुखायलाच हवा होता. सर्व्हेअरनं तो दुखवून घेतला आणि खुर्चीत जाऊन आडवा झाला.

डॉक्टरीणबाई हसऱ्या, बोलक्या आणि दातांच्या बाबतीत महाकर्मठ. लग्नात नवरी हसली तरी त्यांना तिची खालची वाकडी रांग आधी दिसायची. टीव्हीवरच्या दंतमंजनाच्या जाहिरातीतला ब्रश उलटा फिरतो म्हणून त्यांनी मंडळाची एक अख्खी बैठक खाल्ली होती.

तोंडात आरसा जायच्या आत सर्व्हेअरनं विषय काढला. फुलीच्या पानाबद्दल त्यांची अगदी खात्री आहे ना?

"अगदी कोरं होतं," त्या म्हणाल्या. "मी लक्ष देऊन वाचते."

त्यानं सहज विचारलं, मेव्हणा सुजलेला गाल घेऊन येतो, मग दाढा काढतात, तो सगळा भाग कसा वाटला.

"छान लिहिलाय," त्या म्हणाल्या आणि ट्रेमधली हत्यारं उगाच नीट लावू लागल्या. "आ करा."

त्यापुढं सर्व्हेअरला काही विचारता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी त्याच्या दातांतून कीड नसताना बराच वेळ कीड शोधली. एरवी गप्पा मारत काम करणाऱ्या डॉक्टरीणबाई आज तोंडाला कुलूप लावून होत्या. बाहेर पडताना त्यांनी त्याला दारापाशी थांबवलं आणि विचारलं, औषधवाल्यांना खरंच काढतील का. त्यांचा आवाज बारीक झाला होता. काढतील, असं तो म्हणाला, तशा त्या आत वळल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचं विसरून गेल्या.

इथं पाणी मुरत होतं. सर्व्हेअर गाल चोळत थेट औषधांच्या दुकानाकडं निघाला.

४

दुकानाच्या पायरीवर बाईंची मुलगी समोर आली. ती आईजवळच राहायची. त्याला पाहून तिनं हातातलं पाकीट पर्समध्ये कोंबलं. "आईच्या बीपीच्या गोळ्या," ती म्हणाली. त्यानं विचारलंच नव्हतं.

औषधवाले एका खोक्यावर फुली मारत होते. त्याला पाहून त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली, मग काय वाटलं कोण जाणे, काढून खणात टाकली.

सर्व्हेअरनं सरळच विचारलं. "तुम्ही केल्यात फुल्या?"

"नाही."

"मग तसं ठणकावून सांगा ना. सर्कशीच्या वेळीही पुस्तक तुमच्याकडं यायच्या आधीच फुली होती?"

"होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

औषधवाल्यांनी काउंटरवरची काच पुसली. ती स्वच्छच होती. ते म्हणाले, रविवारी ते येणारच नाहीत, म्हणजे प्रश्नच मिटला. त्यांच्यापायी मंडळ मोडायला नको. पुस्तक काय, एकट्यालाही वाचता येतं. हे बोलताना त्यांनी मान वर केली नाही. सर्व्हेअरला मनापासून वाईट वाटलं. तो म्हणाला, ज्यानं केलं त्याचं नाव ठाऊक असेल तर सांगा, उगाच सुळावर चढू नका.

"माहीत असतं तरी सांगितलं नसतं," औषधवाले म्हणाले. "दुकानातलं दुकानात राहतं. नाहीतर उद्या कोण माझ्याकडं चिठ्ठी घेऊन येईल?"

फुलीचा आणि दुकानाचा काय संबंध, असं सर्व्हेअर विचारणारच होता. पण विचारायच्या आतच त्याला तो संबंध दिसू लागला.

तो फुटपाथवर आला आणि तसाच उभा राहिला. निरपराध माणूस गप्प बसतो तो दुसऱ्या कुणाला तरी वाचवायला. औषधवाल्याला इतरांहून जास्त काय ठाऊक असतं? कोण कुठल्या गोळ्या घेतो ते. त्यानं पर्समध्ये गेलेलं पाकीट आठवलं. एकदा सोपवलेलं प्रकरण नव्यानं सोपवणारा बाईंचा तो फोन आठवला. आणि खोडलेली फुली आठवली.

गुन्हेगार सापडला होता. नसता सापडला तर बरं झालं असतं.

५

रविवारी सर्व्हेअरनं औषधवाल्यांना जवळजवळ ओढतच आणलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते दाराजवळच्या खुर्चीत बसले, म्हणजे उठून जायला सोपं. कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी चहा सांडला. बाईंनी चष्मा चढवला.

"बोला," त्या सर्व्हेअरला म्हणाल्या.

सर्व्हेअरनं वाटेतच ठरवून टाकलं होतं. "फुल्या मी केल्या," तो म्हणाला. "गंमत म्हणून. माफ करा."

बायकोनं मान गर्रकन वळवली. बाई मात्र हसल्याच. "तुम्ही पाचवे. फुली चौथीला दिसली. मग ती काय मागच्या पावली चालत गेली? खोटं बोलायचं तर आधी नीट बसवून आणावं." मग त्यांचा चेहरा पुन्हा ताठ झाला आणि त्या दाराकडं वळल्या. "म्हणजे खुलासा कुणाकडंच नाही. औषधवाले, तुम्ही निघा."

औषधवाले उठले. त्यांनी खुर्ची जागेवर सरकवली आणि चप्पल शोधू लागले.

"नका घालवू त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी ते पान वाचलेलंच नाही."

मग त्यांच्या तोंडून ते सगळं भडाभडा बाहेर आलं. आधी शेवट वाचल्याशिवाय त्यांना पुस्तक धरवतच नाही. दिवसभर दुसऱ्यांची भीती बघायची आणि घरी जाऊन पुन्हा जीव टांगणीला लावायचा, हे त्यांना झेपत नाही. आधी शेवट बघितला की पुढचं शांतपणे वाचू असं दर वेळी ठरवतात, आणि खुनी कळला की पुस्तक मिटून ठेवतात. मंडळात हे सांगायची लाज वाटली म्हणून त्या दर वेळी आपलं इकडचं तिकडचं बोलायच्या. फुलीचं विचारलं तेव्हा पान कोरं होतं असं म्हणाल्या, कारण पान पाहिलंच नाही हे म्हणवेना.

सर्व्हेअरला ते खुर्चीतच कळलं होतं. एका बैठकीत तीन दाढा उपटून माणसाला नाचायला पाठवणारा डॉक्टर जर डॉक्टरीणबाईंनी खरंच वाचला असता, तर त्यांनी पुस्तक फाडलं असतं.

"मग औषधवाले खरं बोलले," बायको म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. तिनंच पुस्तक आपटलं होतं. "फुली आधीपासूनच होती. पण मग केली कुणी?"

सर्व्हेअरनं दाराकडं पाहिलं. औषधवाले पायात एक चप्पल घालून तसेच उभे होते आणि नजरेनंच त्याला नको नको म्हणत होते.

बाईंना ते दिसलं. "तुम्हांला काहीतरी सापडलंय," त्या सर्व्हेअरला म्हणाल्या. "लपवू नका. मी आयुष्यभर पोरांचे चेहरे वाचलेत."

त्यानं पुस्तक उघडून रखवालदाराच्या शेजारची खोडलेली फुली दाखवली. आवाज सांभाळत तो म्हणाला, "ही चुकून झाली, मग खोडली, मग मेव्हण्यापाशी केली. करणाऱ्याला कुणाची मजा घालवायची नव्हती. त्यानं पुस्तक पूर्ण वाचलं होतं. शेवटी खुन्याचं नाव आलं, पण हा माणूस कोण ते त्याला आठवेना. म्हणून तो पानं उलटत मागं गेला, माणूस शोधला आणि परत हरवू नये म्हणून खूण केली. मग ती खूण केल्याचंही तो विसरला."



"माझ्याआधी पुस्तक कुणाकडं होतं?" बाईंनी विचारलं.

"प्लास्टिकमध्ये होतं, बाई," सर्व्हेअरची बायको म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

बाईंनी पुस्तक जवळ ओढलं. मेव्हण्याच्या शेजारच्या फुलीवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि अंगठ्याला लागलेली पेन्सिल बराच वेळ बघत राहिल्या. इतक्या रहस्यकथा वाचलेल्या बाईंना पुढचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मी सगळ्यांवर संशय घेतला," त्या म्हणाल्या. "एकीला सोडून." मग त्या दाराकडं वळल्या. "माझी मुलगी तुमच्याकडून नेते त्या गोळ्या बीपीच्या नाहीत ना?"

औषधवाले पायातल्या एका चपलेकडं पाहू लागले.

"कळलं," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. घाबरलेलं पोर बाकावर बसतं तशा त्या बसल्या होत्या, आणि सर्व्हेअरला तिकडं बघवेना. "म्हणजे तुम्हांला पहिल्या फुलीपासून माहीत होतं. आणि मी तुम्हांला हाकलत होते तरी तुम्ही बोलला नाहीत."

"तुम्हांला दुसऱ्या कुणाकडून कळावं असं वाटत होतं," औषधवाले म्हणाले. "माझ्याकडून नको."

डॉक्टरीणबाईंनी बाईंच्या हातात कप दिला. बाईंनी तो तसाच खाली ठेवला आणि उठून औषधवाल्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्या कुणासाठी उठल्याचं सर्व्हेअरनं पाहिलं नव्हतं.

"मी तुमची माफी मागते," त्या म्हणाल्या. "आत्ताच मागते. पुढच्या रविवारी हे माझ्या लक्षात असेल की नाही, सांगता येत नाही. कदाचित मी पुन्हा तुमच्यावरच आळ घेईन."

"घ्या," औषधवाले म्हणाले आणि त्यांनी पायातली चप्पल काढली. "मी असेन की इथंच."